नंबर जुळतो, नाव जुळत नाही

काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, पलटण. सातारा-कोरेगावकडच्या गावांत ही ट्रंक माळ्यावर नाहीतर कॉटखाली असतेच. आमच्या गल्लीतल्या आजींनी ती ओढून काढली, वरच्या दोन वाकळा बाजूला ठेवल्या आणि तळातून गाठोडं काढलं. प्लास्टिकची पिशवी, आत फडकं, फडक्यात वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात डिस्चार्ज बुक. मालक पेन्शनीत आले तेव्हा मिळालेलं. मालकांना जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

मी गावात अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही. शाळेत मास्तर होतो, इंग्रजी वाचता येतं आणि वडील मिलिटरीत असल्यामुळं त्या कागदांची भाषा लहानपणापासून कानावर आहे, एवढंच भांडवल. आजींचं काम तसं साधं होतं. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के, अशी ती शंभरीपर्यंत चढत जाते. आजींची ऐंशी उलटून तीन वर्षं झालेली, वाढीचा पत्ता नव्हता. कारण पेन्शनच्या कागदावर त्यांची जन्मतारीखच नव्हती. ती लावून घ्यायची तर आधी नाव जुळायला हवं. मिलिटरीच्या कागदात बायकोचं नाव सुशीला, आधारकार्डावर लक्ष्मीबाई.

"आजी, ही सुशीला कोण?"

"मीच की. म्हायेरचं नाव. लग्नात बदाललं. ह्येंनी तिकडं म्हायेरचंच सांगितलं आसंल, दुसरं त्येंच्या तोंडात बसलंच न्हवतं अजून."

पानं उलटताना ओळखीच्या खुणांचा रकाना आला. मी वाचून दाखवलं, डाव्या नडगीवर जुना व्रण. आजी एकदम हसल्या. "बैलानं शिंग मारल्यालं, पोरगं आसताना. सासूबाई सांगायच्या." पोरपणातलं बैलाचं शिंग सरकारला ठाऊक होतं. बायको कोण, याबद्दल मात्र आता शंका आली होती.

त्या एका नावापायी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, सरपंचांचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा तहसील कार्यालयातला जबाब, एवढं सगळं झालं. मग एका कार्यालयातून उत्तर आलं की अर्ज योग्य मार्गानं आलेला नाही. योग्य मार्ग कोणता ते पत्रात नव्हतं.

गोष्ट रडगाणं म्हणून सांगत नाही. मला त्यातून एकच प्रश्न पडतो. हा कागद लिहिला सरकारनं, जपला सरकारनं, मूळ प्रत आहे सरकारच्या कपाटात. मग त्यातली चूक चूक आहे हे सिद्ध करायचा बोजा ट्रंकवाल्यावर का? माझं म्हणणं असं की तो उलटा फिरवला पाहिजे. ज्यानं नोंद ठेवली त्यानं शंका फेडावी, आणि ती फिटेपर्यंत ज्याच्याबद्दल नोंद आहे त्याचं काही अडू नये.

आता ही चूक कागदात शिरते कशी ते बघू. फौजेत माणसाचं आयुष्य पार्ट टू ऑर्डरवर चालतं. रजेवर गेला, कोर्स केला, बढती मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली, प्रत्येक गोष्टीची युनिटच्या ऑफिसातून पार्ट टू निघते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, पगाराच्या हिशोब कार्यालयाला जाते आणि शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर चढते. ज्याची पार्ट टू निघाली नाही ते घडलंच नाही, असं जुने सुभेदार चेष्टेनं म्हणतात, पण ती चेष्टा नाही. एकवीस वर्षांचा पोरगा दोन महिन्यांच्या रजेत लग्न उरकून परत जातो, क्लार्कसमोर उभा राहतो, क्लार्क विचारतो, बीवी का नाम? तो लाजत एक नाव सांगतो. क्लार्क ऐकेल तसं इंग्रजीत लिहितो. चाळीस वर्षांनी त्या बाईची पेन्शन त्या एका मिनिटावर उभी असते. ती स्वतः त्या ऑफिसपासून हजार मैलांवर, नव्या घरात, नव्या नावानं पाणी भरत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

त्यात आपल्या मराठी नावांची स्वतःची तऱ्हा. आपण मध्ये बापाचं नाव घालतो. आडनाव आधी लिहायचं की शेवटी, हे शाळेत एक आणि तलाठ्याकडे दुसरं. ज्ञानदेव हे नाव आपण डी-एन-वाय लावून लिहितो, हिंदी मुलखातला क्लार्क 'ग्यानदेव' ऐकून जी-वाय लावतो, आणि इंग्रजीत ही दोन वेगळी माणसं होतात. 'ळ' ला तर त्या लिपीत जागाच नाही. बायकांच्या नावापुढं 'बाई' कधी लागतं, कधी गळतं. हौसा, हौसाबाई, हौसाताई. गावात याची कुणाला अडचण नसते, संगणकाला असते.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या पिढीत आणि आधीच्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी हिशोबानं ती तारीख टाकली. (त्या मास्तरांतला मीही एक.) शाळेतच न गेलेल्या मुलीला तर १ जूनही मिळाला नाही. भरतीच्या वेळी जवानाची जी तारीख लिहिली जाते ती पुढं जवळपास दगडावरची रेघ असते. बायकोची तारीख मात्र जुन्या कागदांत बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. जुन्या पीपीओंवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशांवर, कित्येकदा तिचं नावच नसायचं. नवरा जिवंत असताना त्यानं रेकॉर्ड ऑफिसकडून ते चढवून घ्यायचं, याला जॉइंट नोटिफिकेशन म्हणतात. ज्याला हा शब्द माहीत नव्हता, त्याची बायको त्याच्या दहाव्यानंतर हा शब्द शिकली.

हेलपाट्यांचा भूगोलही मोठा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, म्हणजे निदान कोल्हापूर-सांगलीकरांना एसटीनं जाऊन येण्याच्या अंतरावर. बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, हेही सोयीचं. पण महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती विभागाचं, सिकंदराबादला, वायुदलाचं दिल्लीत. नौदलातल्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला. लष्कराच्या पेन्शनचा आदेश निघतो प्रयागराजहून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीतल्या बाईनं सागर आणि प्रयागराज यांच्यामध्ये पत्रानं फिरायचं, तेही इंग्रजीत.

कागद हरवायलाही आपल्याकडे कारणं कमी नाहीत. पाटण तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात त्याच तालुक्यातली घरं बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी माळ्यापर्यंत चढलं तेव्हा माणसं आणि जनावरं काढायची की ट्रंक काढायची? डिस्चार्ज बुक हरवलं तर आधी पोलिसांत तक्रार, मग प्रतिज्ञापत्र, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज. पुरात गेलेल्या पुस्तकाची चोरीला गेल्यासारखी फिर्याद द्यायची, कारण फॉर्ममध्ये पुराचा रकाना नाही.

कागद जळाल्यावर सरकारनं कसं वागावं याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसजवळच्या सैनिकी अभिलेख केंद्राला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली गेल्या. १९१२ ते १९५९ या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या नोंदी त्यात होत्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कुणाची फाइल होती याची धड सूचीही नव्हती. तिथल्या म्हाताऱ्या सैनिकांचेही पुढं हाल झालेच, तिकडं सगळं गोडच होतं असं नाही. पण त्यानंतर त्या केंद्रानं पगाराच्या पावत्या, दवाखान्यातल्या नोंदी, दुसऱ्या खात्यांकडचे कागद शोधून एकेका माणसाची फाइल पुन्हा बांधायला घेतली आणि ते काम पुढं कित्येक दशकं चाललं. तिथल्या न्यायालयांनीही ठरवलं की नोंद सरकारच्या ताब्यात असताना नष्ट झाली असेल, तर दाव्याला मदत करण्याची सरकारची जबाबदारी वाढते. तुमच्या घरातून हरवलं, तुम्ही शोधा. सरळ गावठी न्याय आहे हा.

आपल्याकडे एवढी मोठी आग लागावी लागली नाही. आपल्याकडे नियम आहे. लष्कराच्या नियमावलीतल्या ५९५ व्या परिच्छेदाप्रमाणं पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवेची कागदपत्रं नाव कटल्यानंतर, म्हणजे तो फौजेतून सुटल्यानंतर, २५ वर्षं ठेवायची आणि मग नष्ट करायची. मागं उरतो लाँग रोल, म्हणजे नोंदवहीतली एक ओळ. नंबर, नाव, भरती कधी, बाहेर कधी, का. आजार, जखम, कुठं होता, कोणत्या परिस्थितीत सुटला, हे सगळं रद्दीत.

कपाटं भरतात, मान्य. लाखो माणसांचे कागद कायमचे ठेवणं १९५० साली परवडणारं नव्हतं, हेही मान्य. पण पेन्शन नाही म्हणजे पुढं कधी हक्क सांगणारच नाही, हे गृहीतक चुकीचं निघालं. पूर्वी कित्येक जवान सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं राखीव दलात अशा अटीवर भरती व्हायचे. ती पंधरा वर्षं मिळून राखीव सैनिकाची पेन्शन लागू होते. हे ज्यांना उशिरा कळलं, किंवा ज्यांना राखीव काळ पुरा व्हायच्या आधीच घरी पाठवलं गेलं, ते पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढं उभे राहिले. तिथं समोरून उत्तर काय यायचं? कागद मुदतीप्रमाणं नष्ट केले आहेत, उशीर अर्जदाराचा आहे. कागद फाडला एकानं आणि उशिराचा दंड दुसऱ्याला. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तर्सेम सिंग खटल्यात मानलं खरं, पण थकबाकी दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली. म्हणजे जितका उशीर, तितका सरकारचा फायदा. शोधाशोध करून देण्याची घाई कुणाला वाटेल?

दुसऱ्या महायुद्धात इटली आणि आफ्रिकेत लढून आलेल्या आपल्या माणसांचं हेच झालं. युद्ध संपलं, फौज कमी केली, हजारो जण पेन्शनीशिवाय घरी आले. राज्य सरकार त्यांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मानधन देतं. पण त्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तेच डिस्चार्ज बुक. ज्यांच्या सुनांनी रॉकेलच्या चुलीशेजारच्या फळीवरून ते कधीतरी टाकून दिलं, त्यांनी सांगावं कुणाला की आमचा सासरा इटलीत होता?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांच्या स्मरणाची शिळा आहे. इंग्रजांनी त्या काळात गावोगाव ज्या शिळा बसवल्या त्यांवर साधारण एकच मजकूर असतो, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. आकडा असतो. उलट लाहोर संग्रहालयाच्या तळघरात पंजाबमधल्या ३ लाख २० हजार सैनिकांची गावनिहाय रजिस्टरं ९७ वर्षं पडून होती, ती २०२१ मध्ये लोकांसमोर आली आणि ब्रिटनमधली पंजाबी मंडळी आपापल्या पणजोबांची नावं त्यात शोधायला लागली. कुणीतरी ती फाडली नाहीत म्हणून हे झालं. नोंदीचा उपयोग पेन्शनपुरता नसतो, हे आपल्याला तरी नव्यानं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेतली महार भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि पुढं शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, त्यात पुढं ठेवलं ते आधीच्या पिढ्यांनी बजावलेल्या चाकरीलाच. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावं हाही एका अर्थानं सेवेचा दाखलाच आहे. तो दगडात होता म्हणून टिकला.

बोजा उलटा फिरवायचं माझं म्हणणं कुणाला भाबडं वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयानं तेच एका बाबतीत आधीच करून ठेवलं आहे. २०१३ चा धरमवीर सिंग खटला. १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झालेला जवान, झटक्यांचा आजार जडला म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवला. अपंगत्वाची पेन्शन नाकारताना सांगितलं की आजार नोकरीमुळं झालेला नाही, जन्मजातच असावा. न्यायालयानं विचारलं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासलंत ना? तेव्हा कागदावर काही लिहिलंत का? नाही लिहिलंत, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीतला नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची. संशयाचा फायदा जवानाला. कागद जिथं गप्प आहे तिथं ती चुप्पी कागद लिहिणाऱ्याच्या विरोधात मोजायची. हाच न्याय आजारासाठी चालतो, तर नावासाठी आणि जन्मतारखेसाठी का चालू नये?

याला एक खरोखर वजनदार उत्तर आहे, आणि ते झटकून टाकणं बरोबर नाही. सुशीला आणि लक्ष्मीबाई या खरंच दोन बायका असू शकतात. मिलिटरीवाल्याची एक बायको गावी आणि दुसरी छावणीच्या गावात, अशी घरं मी पाहिली आहेत. कागदावरच्या नावाला ऑफिस चिकटून बसतं म्हणून कित्येकदा पहिलीचा, अडाणी, न भांडणारीचा हक्क वाचतो. बोगस दाखलेही निघतात. राज्यातल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना आरक्षण आहे, घरपट्टीची सवलत आहे, तिथं खोटा फौजी उभा राहण्याचा मोह कुणाला तरी होणारच. रेकॉर्ड ऑफिसमधला क्लार्क काही राक्षस नाही. तोही फौजीच असतो, आणि चुकीच्या नावावर सही केली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी त्याच्यावर बसते.

पण मग चौकशी करा ना. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक आहेत, बहुतेक स्वतः माजी सैनिक. एक संघटक मोटारसायकलवर गावात आला, देवळासमोर चार म्हाताऱ्यांना विचारलं, की अर्ध्या तासात कळेल सुशीला एक की दोन. त्याचा अहवाल सरकारनं सरकारकडे पाठवावा. आज होतं ते चोर सोडून संन्याशाला फाशी. खरी बोगसगिरी करणारा वकील लावून सगळे दाखले फाइलला लावून येतो. त्याचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतं, कारण त्यानं ते जुळवूनच घेतलेलं असतं. जुळत नाही ते खऱ्या माणसांचं.

आणि ओळख पटवायला नाव लागतंच किती? प्रत्येक जवानाला नंबर असतो. त्या नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते आधीच्या आकड्यांवरून हिशोबानं काढलेलं असतं. एक आकडा चुकला तर अक्षर जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते. ज्या फौजेनं एवढी हुशारी कितीतरी आधी करून ठेवली, तिनं नंतर ज्ञानदेव आणि ग्यानदेव यांच्यात अडकून पडावं, याला काय म्हणावं? नंबर जुळला, भरतीची तारीख जुळली, बोटांचे ठसे फायलीत आहेत, तर उरलं ते शुद्धलेखन. ते क्लार्कनं दुरुस्त करावं.

मध्ये 'स्पर्श' ही नवी ऑनलाइन पद्धत आली, बँकांकडची पेन्शन संरक्षण लेखा विभागाच्या एका व्यवस्थेत गेली. कल्पना चांगली आहे, आपला पीपीओ आपल्याला दिसतो, हे पूर्वी नव्हतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जुन्या कागदातली सुशीला संगणकात सुशीलाच गेली, आणि आधी बँकेतल्या ओळखीच्या कॅशियरनं जे चालवून घेतलं असतं ते आता चालेना. एप्रिल २०२२ ची पेन्शन सुमारे ५८ हजार जणांची अडकली, कारण त्यांच्या वार्षिक ओळख पडताळणीची नोंद नव्या व्यवस्थेत पोचली नव्हती. ओरड झाली, सरकारनं एक वेळची सूट देऊन पैसे सोडले. मला त्यात लक्षात राहिलं ते हे, की मनात आणलं तर आधी पैसे आणि मग पडताळणी असं करता येतं. काही दिवसांत करून दाखवलं. मग आमच्या आजींना तीन वर्षं का? ओटीपी येतो तो नातवाच्या मोबाइलवर, नातू चाकणला कंपनीत, शिफ्ट सुटेपर्यंत ओटीपी मरतो. हे मी गमतीनं लिहिलेलं नाही, दर महिन्याला हेच चालतं.

मागणी काय, तर फार मोठी नाही. कुठल्याही जवानाची फाइल, पेन्शन असो वा नसो, फाडायची नाही. आता ती स्कॅन करून ठेवायला कपाट लागत नाही. नाव कटतं त्या दिवशी डिस्चार्ज बुकाच्या सोबत आख्ख्या शीट रोलची आणि दवाखान्यातल्या कागदांची प्रत जवानाच्या हातात द्यायची. पंधरा-सतरा वर्षं ज्यानं सेवा केली त्याला स्वतःबद्दल काय लिहिलंय ते नंतर माहितीच्या अधिकारात मागायला लागू नये. त्यातली लाल शाईची, म्हणजे शिक्षेची नोंदसुद्धा त्याला दिसू दे. चार लाल नोंदी झाल्या म्हणून आपोआप घरी पाठवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं, पण भांडायचं तर आधी नोंद वाचायला मिळाली पाहिजे. आणि तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा रेकॉर्ड ऑफिसची माणसं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय एकत्र बसू देत, बायकोलाही समोर बसवून तिचं नाव तिला विचारून, मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेऊ देत. मेळावे होतात. मंडप पडतो, हार पडतात, वीरपत्नींना साडी-चोळी दिली जाते. साडी नका देऊ, दुरुस्त पीपीओ द्या, असं एका बाईनं अशा मेळाव्यात उठून म्हटलेलं मी ऐकलं आहे. टाळ्या पडल्या. भाषण पुढं चालू झालं.

हे सगळं आता तातडीचं झालं आहे ते अग्निवीरांमुळं. योजना जाहीर झाली जून २०२२ मध्ये, पहिल्या तुकड्या त्या वर्षाच्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. चार वर्षं सेवा, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे सेवा निधीची रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. योजना चांगली की वाईट यावर पारावर रोज वाद होतात, तो वेगळा विषय. मला हिशोब दिसतो तो असा. अठराव्या वर्षी भरती, बाविसाव्या वर्षी बाहेर, पेन्शन नसलेला. जुना २५ वर्षांचा नियम त्याला जसाच्या तसा लावला तर सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याची फाइल रद्दीत जाईल. सियाचीनला गोठलेल्या पायाची, तोफेजवळ बसलेल्या कानाची दुखणी कुठल्या वयात डोकं वर काढतात ते माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्याबाहेरच्या बाकावर तासभर बसलं की कळतं. आतापर्यंत पेन्शन नसलेला सैनिक हा अपवाद होता. आता तो नियम होणार आहे, आणि त्याच्याजवळ चार वर्षांचा पुरावा म्हणून कागदाखेरीज काहीच असणार नाही. दरमहा बँकेत पेन्शन जमा होणाऱ्याचा निदान तेवढा तरी पुरावा असतो.

आजींचा थोरला नातू चाकणला, धाकटा अग्निवीर आहे. मागच्या रजेत तो आला तेव्हा त्याला बसवून सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढायला लावल्या. नवी ट्रंक त्यानं आणली नव्हती, आता सगळ्यांकडे चाकाच्या बॅगा असतात. म्हटलं, नॉमिनेशनमध्ये आईचं नाव काय लावलंयस ते परत जाऊन बघ, आणि आधारकार्डाशी ताडून बघ. "होय सर," म्हणाला. पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. आधारला आई वैशाली, फॉर्मवर इंग्रजीत एक 'एच' गळालेला. खाली त्यानं लिहिलं होतं, "सर, एवढं चालतंय ना?"